सिंगल ओरिजिन बीन्स आणले पण चव लागत नाहीये? या चुका टाळा

पाव किलोला सातआठशे रुपये मोजले, पाकिटावर लिहिलंय संत्र्याची साल, गूळ, मोगरा, आणि कपात मात्र नुसतं कडवट पाणी. असं दोनदा झालं की माणूस ठरवून टाकतो की हे सगळं थोतांड आहे, नाहीतर मग आपल्याच जिभेला काही कळत नाही. दोन्ही खरं नाही. मी पुण्यात घरीच कॉफी करतो, गेली सहासात वर्षं, जास्त करून चिकमगळूर, कूर्ग आणि आंध्रातल्या अराकूची, कोणी बाहेरून आणून दिली तर इथिओपियाची, केनियाची, आणि माझं मत आता पक्कं झालंय की चव शेतावर आणि खळ्यावर तयार होऊनच येते, आपल्या हातात ती फक्त सांभाळणं असतं आणि बहुतेक वेळा ती आपल्या ओट्यावरच सांडते.

पहिली चूक पाकीट वाचतानाच होते. सिंगल ओरिजिन म्हणजे भारी कॉफी असं धरून चालू नका. त्याचा अर्थ एवढाच की वेगवेगळ्या ठिकाणचा माल ह्यात मिसळलेला नाही. आता ठिकाण म्हणजे अख्खा ब्राझील पण असू शकतो आणि चिकमगळूरच्या बाबाबुडनगिरी डोंगराच्या उतारावरच्या एखाद्या इस्टेटीचा एक तुकडा पण असू शकतो, दोन्हीला सिंगल ओरिजिनच म्हणतात. स्पेशालिटी हा शब्द दर्जाचा आहे, कपिंग करून, म्हणजे जाणकारांनी ठरलेल्या पद्धतीने चाखून, १०० पैकी किमान ८० गुण पडले तर ती स्पेशालिटी. २०१९ मध्ये आपल्याकडच्या कूर्ग अरेबिका, चिकमगळूर अरेबिका, बाबाबुडनगिरी अरेबिका, अराकू व्हॅली अरेबिका आणि वायनाड रोबस्टा ह्या पाच कॉफींना जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, खूप आनंदाची गोष्ट आहे, पण जीआय माल कुठला ते सांगतं, तुमच्या हातातल्या पाकिटातला माल नीट वाळवला होता का ते सांगत नाही. मी पाकिटावर इस्टेट, झाडाची जात, प्रोसेस (फळातून बी काढून वाळवायची पद्धत), उंची आणि रोस्टची म्हणजे भाजल्याची तारीख बघतो. ह्यातली प्रोसेस आणि रोस्टची तारीख नसेल तर पाकीट परत ठेवून देतो, बाकी कितीही सुंदर चित्र असू दे.

जातीकडे पण लोक बघत नाहीत. हापूस ही जात आणि देवगड हे ठिकाण, हे आपल्याला कोणी शिकवावं लागत नाही, पण कॉफीत अरेबिका म्हटलं की विषय संपतो. अरेबिकामध्ये कितीतरी जाती आहेत. चिकमगळूर जिल्ह्यात बाळेहोन्नूरला कॉफीचं संशोधन केंद्र आहे, १९२५ पासूनचं, तिथे तयार झालेली एस ७९५ ही जात आजही आपल्या जुन्या मळ्यांत भरपूर दिसते, सिलेक्शन ९ मध्ये इथिओपियाच्या जातीचं रक्त आहे, कावेरी ही कॅटिमोर ह्या संकरित घराण्यातली. केनियातली ती करवंदासारखी रसरशीत आंबट-गोड चव बरीचशी एसएल २८ आणि एसएल ३४ ह्या जातींची देन आहे. पनामाच्या गेशा ह्या जातीचंही तसंच, मूळ झाड इथिओपियातलं, २००४ मध्ये पनामातल्या एका स्पर्धेत ती कॉफी ठेवली तेव्हा चाखणाऱ्यांना त्या कपात फुलांचा वास आला आणि तेव्हापासून जगभर तिच्या मागे लोक लागले.

आता सगळ्यात मोठी चूक, आणि मला इथे जरा जास्त बोलायचंय, ती म्हणजे ठिकाण वाचायचं आणि प्रोसेस सोडून द्यायची.

एका जानेवारीत मी चिकमगळूरजवळच्या एका मळ्यावर गेलो होतो, अरेबिकाची तोडणी चालू होती. पिकलेलं लाल फळ दोन बोटांत दाबलं की दोन बिया सटकन बाहेर येतात, आणि त्यांच्यावर बुळबुळीत गराचा इतका पातळ थर असतो की बी हातात ठरत नाही, सीताफळाच्या बीसारखी निसटते. तो गर चाखून बघा कधी जमलं तर, चक्क गोड असतो. आता ह्या गराचं काय करायचं ह्यावर तुमच्या कपाचं निम्मं नशीब ठरतं. साल काढली, बिया टाकीत साधारण १२ ते ३६ तास आंबवल्या, गर सुटला, धुऊन वाळवल्या, ही झाली वॉश्ड. अख्खं फळ तसंच दोनतीन आठवडे उन्हात पसरलं, रोज वरखाली केलं आणि वाळल्यावर फोडलं, ही झाली नॅचरल. साल काढली पण गर तसाच ठेवून वाळवलं की हनी, त्यात मधाचा थेंबही नसतो. त्या मळ्यावर एकाच तोडीची फळं अर्धी टाकीत आणि अर्धी खळ्यावर गेलेली मी बघितली, आणि नंतर दोन्ही कप शेजारी शेजारी ठेवून प्यायलो. वॉश्डमध्ये लिंबाच्या सालीसारखा स्वच्छ आंबटपणा आणि मागे गूळ, नॅचरलमध्ये पिकलेल्या जांभळाचा, मनुकांचा जड गोडवा, कोणी सांगितलं नसतं तर दोन वेगळे देश वाटले असते. झाड एक, माती एक, पाऊस एक.

म्हणून तुम्हाला इथिओपियाच्या यिर्गाचेफे भागातली कॉफी एकदा चहासारखी हलकी, फुलांच्या वासाची लागली आणि पुढच्या वेळी तीच फळांच्या जॅमसारखी लागली तर गोंधळू नका, प्रोसेस बघा. आणि नॅचरल कॉफीला व्हिनेगरचा किंवा शिळ्या दारूचा वास येत असेल तर तो तुमच्या हाताचा दोष नाही, फळ वाळताना जास्त आंबलंय, दुकानदाराला सरळ सांगा. आपल्याकडे आणखी एक घोळ आहे, भारतीय मालावर प्लँटेशन ए किंवा चेरी असं लिहिलेलं असतं, तर प्लँटेशन म्हणजे वॉश्ड अरेबिका, चेरी म्हणजे नॅचरल, आणि पार्चमेंट म्हणजे वॉश्ड रोबस्टा. मळ्याचं नाव नाहीये ते. मॉन्सून्ड मलबारमध्ये तर आंबटपणा शोधूच नका, त्या बिया मंगळूर बाजूच्या गोदामांत पावसाळ्याच्या दमट वाऱ्यावर मुद्दाम फुगवतात, पिवळट पडतात, आंबटपणा जवळजवळ निघून जातो आणि मातकट, मसालेदार, जाड कॉफी मिळते. ज्याला फळं हवीत त्याने ती घेऊन निराश होण्यात काही अर्थ नाही.

उंचीच्या आकड्यावर भाळू नका. उंचावर रात्री थंड असतात, फळ सावकाश पिकतं, बी घट्ट होते, हे बरोबर, पण विषुववृत्तापासून जसं लांब जाल तशी तीच थंडी कमी उंचीवर मिळते. हवाईतली कोना कॉफी हजार मीटरच्याही खाली पिकते. आपल्याकडे तर सावली पण आहे, सिल्व्हर ओकवर मिरीचे वेल चढलेले आणि खाली कॉफी, ऊन गाळूनच खाली येतं. महाराष्ट्रात चिखलदऱ्याला थोडी कॉफी होते, ते ठिकाण १,१०० मीटरच्या आसपास आहे पण अक्षांश २१, नुसता मीटरचा आकडा बघून तिची केनियाशी तुलना करता येत नाही. पाकिटावरचं एए म्हणजे दाण्याचा आकार आणि पीबेरी म्हणजे फळात दोनाऐवजी एकच गोल दाणा, चवीची हमी दोन्हीत नाही.

रोस्टमध्ये आपली सवय आड येते. फिल्टर कॉफीवर वाढलेल्या माणसाला काळा, तेलकट दाणा म्हणजे खरी कॉफी वाटते, आणि चिकोरी घातलेल्या दुधाच्या कॉफीला तो दाणा चांगलाच लागतो, मलाही आवडते. पण दाणा जितका जास्त भाजाल तितकी भाजल्याची चव पुढे येते आणि मळ्याची मागे जाते, एका टप्प्यानंतर कूर्ग आणि कोलंबिया सारखेच लागतात. जागेची चव हवी असेल तर लाइट किंवा मीडियम घ्या. आणि ताजं म्हणजे कालच भाजलेलं असं नाही. भाजल्यावर दाण्यात कार्बन डायऑक्साइड अडकलेला असतो, दुसऱ्याच दिवशी केली तर पाणी नीट आत शिरत नाही आणि कॉफी आंबूस, बोचरी लागते. लाइट रोस्ट मी आठदहा दिवसांनी उघडतो, मग महिनाभरात संपवतो.

उघडल्यावर पाकीट फ्रिजमध्ये ठेवू नका!! सारखं आतबाहेर केलं की दाण्यावर ओल धरते आणि कॉफी लसणाचा वास पण घेते. हवाबंद डबा, मसाल्याच्या कपाटापासून लांब, गॅसपासून लांब. मुंबई-कोकणात पावसाळ्यात तर डबा उघडा राहिला की दोन दिवसांत फरक कळतो. जास्त आणलीच असेल तर छोट्या हवाबंद पुड्या करून फ्रीझरमध्ये चालतं, बाहेर काढलेली पुडी खोलीच्या तापमानाला आल्यावरच फोडायची आणि परत आत टाकायची नाही.

मिक्सरमध्ये दळणं ही चूक जवळपास प्रत्येक घरात होते. मिक्सरचं पातं दाणा फोडतं, दळत नाही, त्यामुळे एकाच वेळी पिठी पण आणि रवा पण. पिठीतून कडूपणा निघतो, जाड कणातून आंबटपणा, आणि कप एकाच वेळी आंबट आणि कडू दोन्ही लागतो. हे लक्षण लक्षात ठेवा, आंबट-कडू एकत्र म्हणजे आधी दळण बघा. फिल्टरमधून पाणी गेल्यावर उरलेला चोथा बघा, वर चिखलासारखा गुळगुळीत थर दिसत असेल तर ती पिठी आहे. साधा हाताने फिरवायचा बर ग्राइंडर (दोन दातेरी भागांमध्ये दाणा एकसारखा दळणारा) घ्या, महागड्या केटलीच्या आधी हा घ्या.

पाण्याकडे तर कोणाचंच लक्ष नसतं आणि मी स्वतः दोन वर्षं इथेच अडकलो होतो. चांगले बीन्स, चांगला ग्राइंडर, तरी कॉफी पातळ आणि टोचणारी. एकदा आरओचं पाणी आणि नळाचं गाळून उकळलेलं पाणी, दोन भांडी, बाकी सगळं ग्रॅमला ग्रॅम तेच, असे दोन कप केले. आरओचा कप रंगाने सुंदर पण तोंडात पोकळ, लिंबू पाण्यात पिळल्यासारखा आणि मागे काहीच नाही. नळाच्या पाण्याच्या कपात तोच आंबटपणा होता पण त्याला गोडवा चिकटलेला, गिळल्यावर गुळाची चव मागे राहिली. टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा, लावला तर आरओचं पाणी २५ पीपीएम. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम पाण्यात थोडे तरी असावे लागतात, ते चव ओढून काढायला मदत करतात, आणि बायकार्बोनेट आंबटपणाला आवर घालतं, आरओमध्ये हे सगळंच निघून गेलेलं असतं. उलट बोअरचं जड पाणी असेल तर बायकार्बोनेट इतकं असतं की केनियाची कॉफी पण सपक होते. साधारण ७५ ते २५० मध्ये टीडीएस असला की चालतं, १५० च्या आसपास उत्तम. मी आता आरओमध्ये नळाचं गाळून उकळलेलं पाणी मिसळतो, झालं काम.

तापमानाची भीती पण काढून टाका. पुण्यात पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं, महाबळेश्वरला त्याहून खाली, त्यामुळे लाइट रोस्टवर उकळी थांबल्या थांबल्या ओतलं तरी जळत वगैरे काही नाही. डार्क रोस्टला मात्र ९० पर्यंत खाली या. फिल्टरवर हाताने पाणी ओतून करतो तेव्हा प्रमाण माझं १५ ग्रॅम कॉफीला २४० ग्रॅम पाणी, आधी ४० ग्रॅम ओतून ४० सेकंद फुगू द्यायचं, सगळं मिळून तीन मिनिटांच्या आसपास. वजनकाटा वापरा, चमच्याने मोजू नका, लाइट रोस्टचा दाणा जड असतो, डार्कचा हलका, चमचा दोघांना वेगळं मोजतो.

तरी बिघडलं तर एका वेळी एकच गोष्ट बदला. नुसती आंबट आणि पातळ, जिभेच्या कडेला टोचणारी असेल तर बारीक दळा किंवा पाणी गरम करा. कडू आणि घसा कोरडा करणारी असेल तर जाड दळा. कोऱ्या कागदासारखी, चवच नाही, तर बीन्स शिळे किंवा पाणी जड. कच्च्या शेंगदाण्यासारखी चव येत असेल तर उरलेले दाणे पांढऱ्या ताटलीत पसरा, बाकीच्यांपेक्षा फिकट, पिवळसर दाणे दिसतील, ते कच्च्या फळाचे, कितीही भाजले तरी रंग घेत नाहीत, दोनचार पण अख्खा कप बिघडवतात, वेचून टाका. आणि रवांडा किंवा बुरुंडीची कॉफी दळल्यावर कच्च्या बटाट्याचा वास आला तर घाबरू नका, तिकडे हा दोष एका किड्याशी जोडलेला आहे, एखाद्याच दाण्यात असतो, ते दळण फेका, ग्राइंडर पुसा, परत दळा, बाकीचं पाकीट बहुतेक चांगलंच असतं.

दूध घालायचं असेल तर घाला, फक्त त्यासाठी इथिओपियाची वॉश्ड लाइट रोस्ट आणू नका, त्या फुलांचा वास दुधात बुडून जातो. चिकमगळूरची मीडियम-डार्क किंवा चांगली नॅचरल घ्या, दुधातून पण वर येते.

एक शेवटचं, पाकिटावर लिहिलेली ब्लूबेरी पहिल्या घोटात शोधू नका. ते वास कोणी वरून घातलेले नसतात, आणि वाफाळत्या कपात जिभेला फक्त गरम कळतं. पाचसात मिनिटं कप तसाच ठेवा, कोमट झाला की परत घोट घ्या, मला तर नॅचरलमध्ये ब्लूबेरीपेक्षा जांभूळच लागतं, अगदी जीभ जांभळी झाल्यासारखं वाटतं, आणि ते कप अर्ध्यावर आल्यावरच लागतं.