घरी भारी वाटणारा डिस्टॉर्शन बँडमध्ये गायब होत असेल तर : माझा अनुभव

प्रॉब्लेम असा, की घरी एकट्याने वाजवलं तर गिटारचा हाय-गेन टोन (खूप डिस्टॉर्शनचा, म्हणजे मुद्दाम फाडलेला आवाज) भिंत पाडेल असा, पण जॅमला ड्रम्स-बेस सुरू झाले की माझी गिटार फक्त माशी घोंगावल्यासारखी, आणि आमचा दुसरा गिटारिस्ट, जो कायम क्लीनवर (डिस्टॉर्शनशिवाय) असतो, त्याचा एकूणएक सूर स्पष्ट! पिकअप (गिटारवरचा, तारांचा आवाज पकडणारा भाग) बदलला, व्हॉल्यूम वाढवला, गेन (डिस्टॉर्शन किती ते ठरवणारा नॉब) अजून वाढवला (हा तर मूर्खपणाच). तीन महिने नुसता वैताग.

शेवटी जे चाललं ते ह्याच क्रमाने करा. सेटिंग घरी नाही, बँड वाजत असतानाच करायचं, कारण हळू आवाजात कानाला बेस (खालचे सूर) आणि ट्रेबल (वरचे सूर) कमी ऐकू येतात आणि आपण ते उगाच वाढवून ठेवतो. आधी अँपवरचे (ॲम्प्लिफायरवरचे) बेस, मिड (मधले सूर), ट्रेबल हे तिन्ही नॉब मधोमध. मग गेन (१० पैकी) ८ वरून थेट ४, कारण जास्त गेनने सिग्नल इतका कॉम्प्रेस होतो (हळू-जोरात सगळं सारखंच होतं) की पिकचा (तार छेडायच्या पत्तीचा) ठोकाच मरतो. मग मिड ७, तो मी ३ वर ठेवायचो, इथेच खरी गोम होती. बेस ४, खालचा भाग बेस गिटारचा आहे, तिथे भांडू नका. शेवटी अँपच्या आधी ट्यूब स्क्रीमर टाइपचा पेडल (हलका डिस्टॉर्शन देणारा पायाने चालू करायचा डबा), ड्राइव्ह शून्य, टोन मधे, लेव्हल फुल. तो ७२० हर्ट्झच्या आसपास मिड उचलतो आणि लो कापतो, त्यामुळे पाम म्यूट (तळहात तारांवर टेकवून वाजवलेले दबके सूर) एकदम टाइट.

एकट्याने वाजवताना हा टोन नाकातला वाटतो, वाटू दे.