जुलाब लागल्यावर आतल्या जिवाणूंना कसं सांभाळायचं

कोल्हापुरात गंगावेशीजवळ माझं औषधांचं दुकान आहे, अठ्ठावीस वर्षं झाली. लग्नसराईत सोमवारी सकाळी शटर उघडायच्या आधीच दोन-तीन जण पायरीवर बसलेले असतात. त्यातला एक तरी पोटावर हात दाबून म्हणतो, "काका, रात्रीपासनं आठ वेळा झालं. बंद व्हायची गोळी द्या की."

त्याला हवी असते ओफ्लॉक्सासिन आणि ऑर्निडाझोल एकत्र असलेली अँटिबायोटिक गोळी. गावभर ती 'जुलाबाची गोळी' म्हणूनच चालते. चिठ्ठीशिवाय मी ती देत नाही, आणि का देत नाही हे काउंटरवर दोन मिनिटांत सांगून होत नाही. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

2011 साली मीही ती गोळी स्वतःहून घेतली होती. एका लग्नात जेवलो. पांढरा रस्सा दुपारीच करून मोठ्या टोपात ठेवलेला आणि रात्री नुसता कोमट करून वाढलेला. पहाटे पोटात मुरडा आला आणि जुलाब सुरू झाले. ताप नाही, उलटी नाही. आज मला त्यावरून क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्सचा संशय येतो. या जिवाणूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत, आणि मटणाचा रस्सा मोठ्या भांड्यात हळूहळू निवत गेला की ते जागे होऊन झपाट्यानं वाढतात. सहा ते चोवीस तासांत त्रास सुरू होतो आणि बहुधा दिवसभरात आपोआप थांबतो. मी मात्र हाताशी दुकान, म्हणून पाच दिवस गोळ्या घेतल्या. त्यानंतर तीन आठवडे दूध पचेना, जेवलं की पोट फुगायचं. तेव्हापासून या विषयाचं वाचायला लागलो.

आतमध्ये काय चालतं ते आधी समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं आपोआप पटेल. आपल्या अंगात, मुख्यतः मोठ्या आतड्यात, साधारण 38 लाख कोटी जिवाणू राहतात असा 2016 मधला एक अंदाज आहे. त्यातल्या बहुतेकांना ऑक्सिजन चालत नाही. आपल्याला न पचलेल्या अन्नातल्या तंतूंवर (फायबरवर) ते जगतात आणि ब्युटिरेट नावाचं आम्ल तयार करतात. आतड्याच्या अस्तराच्या पेशी हेच ब्युटिरेट इंधन म्हणून वापरतात आणि ते वापरताना तिथला ऑक्सिजनही संपवून टाकतात. म्हणजे घरचे जिवाणू अस्तराला खाऊ घालतात आणि अस्तर त्यांना हवी तशी जागा राखून देतं. पंगत पूर्ण भरलेली असली की आगंतुकाला पाट मिळत नाही, तशी बाहेरच्या जंतूची गत होते.

साल्मोनेलासारखा जंतू मग काय करतो? तो मुद्दाम आतड्याला सूज आणतो. सुजेच्या जागी आपल्याच पेशींच्या झटापटीतून टेट्राथायोनेट नावाचा पदार्थ तयार होतो, आणि ऑक्सिजन नसताना साल्मोनेला त्याच्यावर श्वास घेतो. घरच्या बहुतेक जिवाणूंना ते जमत नाही, त्यामुळे त्यांची संख्या घटते आणि याची वाढते. डेव्हिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी 2010 साली हे दाखवलं. जुलाबाच्या वेळी आत खरोखरच अशी ओढाताण चाललेली असते.

पण घरचे जिवाणू नुसता मार खात बसत नाहीत. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्या गटानं 2021 साली उंदरांवरचं एक काम प्रसिद्ध केलं. अन्नातून येणाऱ्या येर्सिनिया जातीच्या जंतूची लागण होऊन बऱ्या झालेल्या उंदरांच्या आतड्यातले जिवाणू पुढच्या हल्ल्याला जास्त दाद देईनासे झाले होते. लागण झाली की यकृताकडून पित्तातून टॉरिन नावाचं द्रव्य जास्त येतं, काही जिवाणू त्याचा सल्फाइड नावाचा वायू करतात, आणि तो वायू बाहेरच्या जंतूचा श्वास कोंडतो. हेच जिवाणू दुसऱ्या, जिवाणूविरहित उंदरांत घातले तर त्यांनाही संरक्षण मिळालं. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा उठून बायकोला वाचून दाखवलं होतं. टॉरिन मटणातही असतं, म्हणून जुलाबात मटण खाऊ का, असं मला दोघांनी विचारलंय. खाऊ नका. इथे कामाचं टॉरिन आपलं शरीर स्वतःच पित्तातून सोडतं.

आता ऑर्निडाझोलकडे या. हे औषध अमिबासारख्या परजीवींवर चालतं, आणि ऑक्सिजनशिवाय जगणाऱ्या जिवाणूंवर. म्हणजे नेमकी आपली भरलेली पंगतच उठवतं. 1950च्या आणि 60च्या दशकांत शिकागोत मार्जरी बोनहॉफ आणि सहकाऱ्यांनी केलेले प्रयोग बघा: साध्या उंदराला साल्मोनेलाची लागण करायला सुमारे लाखभर जंतू लागायचे, पण आधी स्ट्रेप्टोमायसिन हे अँटिबायोटिक दिलेल्या उंदराला दहासुद्धा पुरायचे.

तर करायचं काय?

आधी घड्याळ बघा. जेवणानंतर एक ते सहा तासांतच उलट्या सुरू झाल्या तर बहुधा ते स्टॅफिलोकोकससारख्या जंतूनं अन्नात आधीच सोडलेलं विष असतं. त्यावर अँटिबायोटिकचा काही उपयोग नाही, जंतू मारून विष जात नाही. अर्ध्या दिवसानंतर, ताप घेऊन त्रास आला तर साल्मोनेलासारख्या लागणीची शक्यता जास्त. त्यातही धडधाकट माणसाला अँटिबायोटिकनं आजार लवकर आटोपत नाही, उलट शौचातून जंतू जाणं लांबू शकतं.

मग ओआरएस, म्हणजे पाकिटातलं मीठ-साखरेचं पाणी. इथे चूक फार होते, म्हणून नीट वाचा. पाकिटं दोन मापांची येतात: साधारण 21 ग्रॅमचं एक लिटर पाण्यासाठी, आणि चार ग्रॅमच्या आसपासचं छोटं 200 मिलिलिटरसाठी. परवा एक आई मोठं पाकीट एका पेल्यात ढवळून बाळाला पाजत होती, "घट्ट केलं की लवकर लागू पडेल" म्हणून. तसं केलं तर मिठाचं प्रमाण वाढून बाळाला धोका होतो आणि जुलाबही वाढतात. दुकानात तांब्या आणा, मी खूण करून देतो. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून निववलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. साखर चवीसाठी नसते. ग्लुकोज आणि सोडियम आतड्यातून जोडीनं आत जातात आणि पाणी त्यांच्या मागून जातं. 1971 साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला तेव्हा डॉ. दिलीप महालनबीसांनी याच पाण्यावर हजारो जीव वाचवले. फळांच्या चवीची गोड डबाबंद पेयं म्हणजे ओआरएस नव्हे.

लहान मुलांना ओआरएससोबत झिंकही द्या, सहा महिन्यांवरच्या मुलाला रोज 20 मिलिग्रॅम, दहा ते चौदा दिवस. अंगावरचं दूध तोडू नका.

जेवण बंद करू नका, हे मला सगळ्यात पोटतिडकीनं सांगायचंय. आपण उपाशी राहिलो की आतले जिवाणूही उपाशी राहतात. 2000 साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांनी कॉलराच्या रुग्णांना ओआरएसमध्ये न पचणारं मक्याचं पिष्ट (स्टार्च) घालून दिलं, तेव्हा जुलाब लवकर थांबले. ते पिष्ट मोठ्या आतड्यापर्यंत जातं, जिवाणू त्याची आम्लं करतात, आणि त्या आम्लांमुळे आतडं मीठ-पाणी परत ओढून घेतं. आपल्या घरात हे पिष्ट हिरव्या केळ्यांत असतं. साल न काढता दोन केळी कुकरला लावा, सोलून कुस्करा, मीठ आणि थोडं जिरं घाला. बांगलादेशात मुलांचे रेंगाळलेले जुलाब शिजवलेल्या हिरव्या केळ्यांनी कमी झाल्याचंही दिसलंय. नाहीतर मऊ भात आणि ताजं ताक. तिखट, तेलकट, कट असलेलं काही नको. निव्वळ दूध काही दिवस टाळा, कारण सुजलेल्या अस्तरातून दूध पचवणारं लॅक्टेज तात्पुरतं कमी होतं.

शौचात रक्त, 102 फॅरनहाइटच्या वर ताप, सहा-आठ तास लघवी नाही, पोटात काहीच टिकत नाही, तांदळाच्या धुवणासारखे जुलाब, किंवा तीन दिवसांवर त्रास: यातलं काहीही असेल तर दुकानात येऊ नका, सरळ डॉक्टरांकडे जा. तान्हं बाळ, गरोदर बाई, म्हातारं माणूस यांच्या बाबतीत त्याआधीच जा. तेव्हा अँटिबायोटिक लिहून दिलं तर ते पूर्ण घ्या. रक्ती आव, टायफॉइड, जोराचा कॉलरा यांत ते लागतंच, आणि मग आतल्या जिवाणूंची काळजी नंतर घेता येते. जुलाब रोखणारी लोपरामाइडची गोळी रक्त किंवा ताप असताना घेऊ नका, मुलांना तर देऊच नका.

थांबल्यावर जिवाणू पूर्ववत व्हायला आठवडे लागतात. या काळात ज्वारीची भाकरी, मटकी, शिजवलेल्या भाज्या थोड्या थोड्या वाढवा. साधारण दहातल्या एकाला नंतर बरेच महिने पोट दुखणं, फुगणं, कधी जुलाब कधी बद्धकोष्ठ असा त्रास राहतो. तो मनाचा खेळ नसतो, डॉक्टरांना दाखवा. आणि गंगावेशीतल्या कट्ट्यावरचं म्हशीचं धारोष्ण दूध. माझे वडील रोज संध्याकाळी तिथे पेला भरून प्यायचे, त्याची चव मलाही ठाऊक आहे. पण कच्च्या दुधातून कॅम्पिलोबॅक्टर, साल्मोनेला येऊ शकतात, आणि तुमची पंगत अजून अर्धी रिकामी आहे. घरी नेऊन उकळून प्या.

घरात स्वयंपाक करणारीलाच जुलाब झाले असतील तर ते थांबल्यावरही दोन दिवस कणीक दुसऱ्या कुणाला तरी मळू द्या. त्यानंतरही साल्मोनेला शौचातून कित्येक आठवडे जात राहू शकतो, म्हणून मोरीत साबणाची वडी वेगळी ठेवा आणि नखांपर्यंत हात धुवा.