पाहुणा ठरवण्याआधी: समान संधी केंद्राच्या कार्यशाळेची तयारी

कार्यशाळा म्हटली की आपल्याकडे पहिला फोन पाहुण्याला जातो आणि दुसरा शाल-श्रीफळाला. हे दोन्ही नंतर. कॉलेजच्या समान संधी केंद्राचं काम काही वर्षं केल्यावर मी भेदभावावरच्या या दिवसाची तयारी आता नोटीस बोर्डापासून सुरू करते.

महिनाभर आधी सगळे बोर्ड एकदा फिरून बघा. प्रवेशाच्या यादीत प्रवर्ग लागतो, प्रॅक्टिकलच्या बॅचला लागत नाही. पण ऑफिसातली एक्सेल फाईल तीच पुढे सरकते आणि जातीचा रकानाही तिच्यासोबत. आमच्याकडे अशी यादी लॅबच्या दारावर आठवडाभर होती. मुलांनी पहिल्याच दिवशी वाचली, आम्ही सातव्या.

मग विद्यापीठ अनुदान आयोगाचे 2012 चे समतेचे नियम काढा. वर्गात जात जाहीर करणं, 'राखीववाले' असा शिक्का मारणं, कमी मार्कांचं कारण जातीत शोधणारे शेरे मारणं, यांना त्यात नाव घेऊन मनाई आहे. दोन पानांत मराठीत उतरवून घ्या, इंग्रजी पीडीएफ कुणी उघडत नाही. भेदभावविरोधी अधिकारी नेमलेला आहे का, हे त्यालाच विचारा. आपण तो आहोत हे कधी कधी त्यालाच ठाऊक नसतं. हे नियम नुसते कागदावर राहिले म्हणूनच जातीय छळाच्या आरोपांनंतर आत्महत्या केलेले विद्यार्थी रोहित वेमुला आणि डॉ. पायल तडवी यांच्या आया 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेल्या. पायल तडवी मुंबईत शिकत होती, जळगावकडची. हे प्रकरण 'तिकडचं' म्हणून सोडून देता येत नाही.

निमंत्रणाच्या यादीत प्राध्यापकांच्या आधी क्लार्क, रेक्टर आणि मेसवाले घ्या. एक प्रसंग सांगते. भर तासाला ऑफिसातले दादा दारात येऊन ओरडले, "बीसीवाले सगळे फ्रीशिपच्या फॉर्मला चला!" दहा-बारा मुलं उठली, बाकीच्या माना वळल्या. एक मुलगी उठलीच नाही, वहीत काहीतरी लिहीत राहिली. ती काउंटरवर आली तेव्हा महाडीबीटीची, म्हणजे फीमाफी-शिष्यवृत्तीच्या सरकारी पोर्टलची, मुदत टळून गेली होती. दादा मनाने वाईट नाहीत. त्यांना ज्याचा त्याला मेसेज पाठवायला कुणी सांगितलंच नव्हतं.

गट पंचविसाच्या वर नको. दोनशेजण सभागृहात बसवले तर चहानंतर सह्या उरतात, माणसं नाहीत. चर्चेसाठी चार-पाच प्रसंग आपल्याच कॉलेजातले, ओळख पुसून, आधी लिहून ठेवा: तोंडी परीक्षेत 'पूर्ण नाव सांग, आडनावासकट', होस्टेलमध्ये 'नीटला किती पडले होते?'. "आमच्याकडे जात कुणी पाहत नाही," असं कुणीतरी म्हणणारच. वाद घालू नका, पहिला प्रसंग त्यांनाच वाचायला द्या. आणि कृपा करून एखाद्या दलित किंवा आदिवासी विद्यार्थ्याला 'अनुभवकथना'साठी मंचावर चढवू नका. सगळं आयोजन त्याच समाजातल्या सहकाऱ्याच्या गळ्यात टाकायची सवयही सोडा.

लैंगिक छळाच्या तक्रारी अंतर्गत समितीकडे जातात, त्या यात मिसळू नका. अॅट्रॉसिटीच्या कक्षेतली तक्रार कॉलेजने 'आपापसात मिटवायची' नसते, हे मात्र वक्त्याला स्पष्ट बोलायला सांगा. सभागृह पहिल्या मजल्यावर असेल आणि लिफ्ट बंद, तर खोली बदला.

राहिली तक्रारपेटी. कॉलेजांना श्रेणी देणाऱ्या नॅकच्या फायलीत आम्ही वर्षानुवर्षं 'तक्रारी: निरंक' लिहीत होतो. एकदा पेटी उघडायची ठरली तर किल्लीच सापडेना. कुलूप तोडलं, आत वेफर्सचं पाकीट आणि पावसाने शाई पसरलेली एक चिठ्ठी. वरचे दोन शब्द लागले, 'आदरणीय मॅडम'. तेव्हा पेटी व्हरांड्यातून हलवा, कॅमेऱ्यासमोर लावू नका, किल्ल्या दोघांकडे द्या आणि दर सोमवारी उघडायची नोंदवही कार्यशाळेच्या आदल्या दिवशीच सुरू करा.