ईद-ए-मिलादला घरचा रवा केक

रबिउल अव्वल या इस्लामी महिन्याची १२ तारीख म्हणजे ईद-ए-मिलाद, पैगंबरांचा जन्मदिवस, महिना सुरू होताना चांद दिसला की दिवस पक्का होतो, तरी सामान दोन दिवस आधीच भरून ठेवा. आपल्या सांगली-मिरजेत जुलूसची (मिरवणुकीची) तारीख पण विचारून घ्या, २०२३ ला ईद आणि अनंत चतुर्दशी दोन्ही २८ सप्टेंबरला आले तेव्हा राज्यात बऱ्याच ठिकाणी जुलूस नंतर काढले होते.

मोहल्ल्यात वाटायचा असेल तर क्रीमचा केक नकोच, वितळतो. रव्याचा बेस्ट. २ वाट्या बारीक रवा, १ वाटी पिठीसाखर, १ वाटी दही, अर्धी वाटी पातळ तूप, १ वाटी दूध, वेलची, सगळं कालवून अर्धा तास झाकून ठेवा, रवा नीट फुगला पाहिजे नाहीतर खाताना कचकच लागतो. मग १ चमचा बेकिंग पावडर, पाव चमचा सोडा घालून लगेच तूप लावलेल्या भांड्यात ओता, वर काजू-बदाम. ओव्हनला १८० डिग्रीवर ३५-४० मिनिटं. ओव्हन नसेल तर कुकरच्या तळाला मीठ, शिट्टी आणि रिंग काढायची, मंद आच, ४५-५० मिनिटं. सुरी कोरडी निघाली की झाला.

वर हिरवं-पांढरं आयसिंग करा हवं तर, पण कळकळीने सांगते, पैगंबरांचं नाव किंवा कुराणातली आयत (वचन) केकवर लिहू नका, त्यावर सुरी फिरते हो. ‘ईद मुबारक’ पुरे.

आधी दरूद (पैगंबरांसाठीची दुआ), फातिहा (कुराणातला पहिला सूरा), मग कापा. अंडं नाही त्यामुळे शेजारच्या शाकाहारी काकूंकडं पण ताट बिनधास्त द्या, आणि पोरांचे तुकडे आधीच बाजूला काढा, जुलूसवरून भुकेली येतात.