गाडीत नॅव्हिगेशनसाठी काय घ्यावं: कंपनीची स्क्रीन, बाहेरून बसवलेली, की घरातला जुना मोबाईल?

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे घाईत असाल तर इथेच थांबता येईल. बहुतेक लोकांनी गाडीत मोबाईलवरचंच नॅव्हिगेशन वापरावं, फक्त ते गिअरपाशी किंवा मांडीवर फोन टाकून नाही तर एकदाच नीट बसवून, आणि घरात दोन-तीन वर्षं जुना पण चालू फोन ड्रॉवरमध्ये पडला असेल तर तोच कायमचा गाडीसाठी ठेवून द्यावा. निव्वळ नॅव्हिगेशन मिळतं म्हणून टॉप व्हेरियंट घेऊ नका. इनबिल्टचा खरा उपयोग होतो असे लोक आहेत, त्यांच्याबद्दल पुढे सांगतो.

आता ठरवायचं कसं. नॅव्हिगेशन म्हणून आपण जे एकच समजतो त्यात तीन गोष्टी असतात आणि त्या वेगळ्या करून बघितल्या की सगळा गोंधळ मिटतो. पहिली, गाडी कुठे आहे ते कळणं. ते काम सॅटेलाइटचं, जीपीएसचे सॅटेलाइट साधारण २०,२०० किलोमीटर उंचीवरून सतत सिग्नल सोडत असतात आणि आपला फोन तो फक्त ऐकतो, त्यासाठी नेट लागत नाही, सिमसुद्धा लागत नाही. दुसरी गोष्ट नकाशा, तो एकतर मशीनमध्ये साठवलेला असतो किंवा नेटवरून तुकड्यातुकड्याने येतो. आणि तिसरी ट्रॅफिक, म्हणजे पुढे जाम आहे, अपघात झालाय, हे सगळं नेटशिवाय कळूच शकत नाही कारण ही माहितीच मुळात पुढे अडकलेल्या लोकांच्या फोनवरून येते. ताम्हिणी घाटात रेंज गेल्यावर "जीपीएस बंद पडलं" म्हणतात ना, तेव्हा जीपीएस छान चालू असतं, निळं टिंब सरकत असतं, खालचा नकाशा तेवढा आलेला नसतो. आधी लावलेला रूट बऱ्याचदा टिकून राहतो पण एक वळण चुकलं की नवीन रूट काढता येत नाही आणि ॲप नुसतं गोल गोल फिरत बसतं.

कंपनीच्या इनबिल्ट नॅव्हिगेशनची जमेची बाजू पहिल्या गोष्टीत आहे. त्याचा अँटेना गाडीतच पक्का बसवलेला असतो, आणि चांगल्या सिस्टीमला चाकाच्या स्पीडची आणि गाडी किती वळली याची माहितीसुद्धा मिळते, त्यामुळे बोगद्यात सिग्नल गेला तरी गाडी कुठवर आली ते तिला बऱ्यापैकी कळतं. एक्स्प्रेसवेवरच्या भाताण, माडप, कामशेत बोगद्यांत याने काही फरक पडत नाही कारण आत वळायचंच नसतं, पण मुंबईचा कोस्टल रोड घ्या, गिरगाव चौपाटीकडून आत शिरलात की दोन किलोमीटरच्या बोगद्यातून प्रियदर्शिनी पार्कला बाहेर पडता आणि लगेच पुढे उतरायचं की सरळ जायचं ते ठरवावं लागतं, तिथे फोनला सिग्नल परत पकडायला काही सेकंद लागले तर एक्झिट निघून गेलेला असतो. रोज असल्या रस्त्यावरून जाणाऱ्याला इनबिल्ट बरं वाटेल हे मी मान्य करतो.

इनबिल्ट मार खातं ते दुसऱ्या गोष्टीत, नकाशा जुना होतो. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला आणि शेवटचा इगतपुरी ते आमणे टप्पा ५ जून २०२५ ला, म्हणजे ज्या गाडीतला नकाशा २०२१ चा आहे तिच्या स्क्रीनवर तुम्ही समृद्धीवरून जाताना गाडी चक्क शेतातून पळताना दिसणार आणि बाई सारखी सांगत राहणार की शक्य असेल तिथे यू-टर्न घ्या. नावांचंही तेच. छत्रपती संभाजीनगर, धाराशिव, अहिल्यानगर टाकलंत तर जुन्या नकाशात काही सापडणार नाही, तिथे औरंगाबाद, उस्मानाबाद, अहमदनगरच शोधावं लागतं. म्हणून शोरूममध्ये स्क्रीन किती इंचाची ते विचारण्याआधी हे विचारा की नकाशा अपडेट कसा होतो, आपोआप की सर्व्हिस सेंटरला न्यायची, किती वर्षं फुकट आणि नंतर किती पैसे, आणि लाइव्ह ट्रॅफिक दाखवते का, दाखवत असेल तर त्याचं सबस्क्रिप्शन कधी संपतं. तोंडी उत्तर चालणार नाही, लेखी घ्या. सेकंडहॅन्ड गाडी बघत असाल तर नॅव्हिगेशन चालू करून समृद्धीचा आमण्याकडचा भाग दिसतो का बघा, नकाशा किती जुना आहे ते मिनिटभरात कळतं.

आता मधला रस्ता. अँड्रॉइड ऑटो किंवा कारप्ले असेल तर फोनमधला ताजा नकाशा आणि ट्रॅफिक गाडीच्या मोठ्या स्क्रीनवर येतो, आणि काही गाड्या आपल्या सेन्सरची माहितीही फोनला देतात, म्हणजे दोन्हीकडचं चांगलं मिळतं. हल्ली हे बऱ्याच गाड्यांच्या मधल्या व्हेरियंटलाही असतं. असेल तर विषयच संपला, होल्डरही नको, फक्त केबल चांगली घ्या, कारण वायरवालं अँड्रॉइड ऑटो मध्येच तुटत असेल तर आधी केबल बदलून बघायची, बऱ्याचदा दोष तिथेच निघतो.

जुन्या गाडीत बाहेरून अँड्रॉइड स्टिरिओ बसवून घेणार असाल तर एका गोष्टीकडे स्वतः उभं राहून लक्ष द्या. त्याच्यासोबत जीपीएसचा छोटा चौकोनी अँटेना येतो, काळा, काडेपेटीहून लहान, लांब वायरचा आणि खाली लोहचुंबक असलेला. तो डॅशबोर्डवर पुढच्या काचेखाली, तोंड आकाशाकडे करून चिकटवायचा असतो. वायर ओढत बसायचा कंटाळा म्हणून बसवणारे तो स्टिरिओच्याच मागे पत्र्यात कोंबून टाकतात आणि मग गाडी कायम बाजूच्या सर्व्हिस रोडवर दिसते. आणि वायर कापून जोडू देऊ नका, तुमच्या मॉडेलचा कपलर, म्हणजे वायर न कापता जोडायचा तयार प्लग, मागा, नाहीतर कंपनीची इलेक्ट्रिकल वॉरंटी नाकारायला आयतं कारण मिळतं.

आता माझ्या आवडीचा पर्याय, जुना फोन. आधी त्याचं जीपीएस तपासा. जीपीएस टेस्ट नावाचं फुकटचं ॲप टाका, गच्चीवर किंवा मोकळ्या जागी जा आणि दोन-तीन मिनिटं बघा, किती सॅटेलाइट दिसतात आणि लोकेशन किती मीटरच्या आत आहे ते येतं. मोकळ्यावर चार-पाच मीटरच्या आत आलं तर फोन कामाचा, वीस-पंचवीस मीटरच्या खाली येतच नसेल तर नाद सोडा. टॅबलेट वापरायचा विचार असेल तर जपून, नुसत्या वायफायवाल्या आयपॅडमध्ये जीपीएस नसतंच, आणि स्वस्तातले बरेच टॅबलेटही तसेच असतात.

तपासलं की फोन फॅक्टरी रीसेट करा आणि नॅव्हिगेशनची ॲप्स सोडून काहीच टाकू नका. यूपीआय, बँक, व्हॉट्सॲप तर नकोच, जुन्या फोनला सिक्युरिटी अपडेट येत नसतात आणि तो गाडीत असणार, कोणाच्याही हाती लागू शकतो. गुगल मॅप्स ट्रॅफिकसाठी टाका, मॅपमायइंडियाचं मॅपल्स हे आपल्याकडचं ॲपही टाकून बघा, आणि तिसरं ऑरगॅनिक मॅप्स, ते पूर्ण ऑफलाइन चालतं. गुगल मॅप्समध्ये प्रोफाइलच्या फोटोवर टॅप केलं की ऑफलाइन मॅप्स येतं, तिथे चौकोन ओढून आपला भाग निवडायचा आणि घरच्या वायफायवर डाउनलोड करायचा. चौकोन ऐसपैस घ्या, पुण्याहून दिवेआगरला जायचं तर नुसता रायगड जिल्हा नको, ताम्हिणी, वरंध, महाड, माणगाव सगळं आत आलं पाहिजे कारण घाट बंद असला तर वळसा घालायचा रस्ताही नकाशात हवा. डाउनलोड केलेला भाग काही काळाने एक्सपायर होतो, त्यामुळे निघायच्या आदल्या रात्री अपडेट मारा. नेटसाठी रोजच्या फोनचा हॉटस्पॉट पुरतो. मोठा फायदा हा की कोणाचा कॉल आला तरी नकाशा झाकला जात नाही आणि ऐन चौकात स्क्रीनवर कोणाचं नाव नाचत नाही. सिम नसलेल्या फोनला पहिल्यांदा लोकेशन पकडायला जास्त वेळ लागतो, तेव्हा पार्किंगमधून बाहेर मोकळ्यावर येऊन मिनिटभर थांबायचं.

होल्डर एसीच्या व्हेंटवर क्लिप होणारा घ्या. काचेवरचा सक्शनवाला उन्हात सैल होतो आणि नेमका खड्ड्यात सुटतो, शिवाय समोरचं झाकतो. पण हे मुख्यतः उन्हाळ्यासाठी सांगतोय. जळगाव, अकोला, नागपूरकडे मे महिन्यात काचेमागे उन्हात फोन लावला की तासाभराच्या आत स्क्रीन अंधुक होते, मग चार्जिंग थांबतं, मग फोन सरळ तापल्याची सूचना देऊन बंद पडतो. ॲपलच्या सांगण्याप्रमाणे आयफोन ३५ अंशापर्यंतच्या हवेत वापरायचा असतो, आपल्याकडे तर बाहेरच ४४ असतं. व्हेंटची गार हवा मागून लागत राहिली की हा प्रश्नच येत नाही. वायरलेस चार्जिंगवाला होल्डर याच कारणासाठी नको, तो स्वतःच फोन तापवतो. आणि गाडी पार्क केली की फोन काढून सोबत घ्यायचा, बंद गाडीत उन्हात राहिला तर बॅटरी फुगते. तुम्ही हे कधीच करणार नाही याची खात्री असेल तर जुन्या फोनच्या भानगडीत पडू नका, इनबिल्ट किंवा स्टिरिओच घ्या, त्यात बॅटरीच नसते.

चार्जरचं सोपं आहे, जुन्या गाडीच्या यूएसबी पोर्टमधून बहुतेक वेळा अर्धा अँपियरच मिळतो आणि नॅव्हिगेशन चालू असताना तेवढ्यात फोन चार्ज होत नाही, उलट उतरतो. १२ व्होल्टच्या सॉकेटमध्ये बसणारा चांगल्या कंपनीचा १८-२० वॅटचा घ्या.

कायद्याचंही बघा. मोटार वाहन नियमांत १ ऑक्टोबर २०२० पासून स्पष्ट लिहिलंय की गाडी चालवताना हातातलं उपकरण फक्त रस्ता बघण्यासाठी वापरता येतं, तेही लक्ष विचलित न होता. म्हणजे होल्डरवर लावलेला चालतो, सिग्नलला उचलून टायपिंग केलंत तर पोलिसाशी हुज्जत घालण्यात अर्थ नाही. पत्ता निघण्याआधीच टाका.

पत्ता टाकताना जिल्हा बघितल्याशिवाय स्टार्ट दाबू नका. खेड पुण्यात आहे, रत्नागिरीत आहे, शिवाय खेड शिवापूर वेगळंच. शिरूर पुणे जिल्ह्यात, शिरूर कासार बीडमध्ये, शिरूर अनंतपाळ लातूरमध्ये. अकोले अहिल्यानगर जिल्ह्यात आणि अकोला विदर्भात. एकूण किलोमीटर आणि वेळ डोक्यातल्या अंदाजाशी जुळतोय का बघायचं, मग निघायचं.

आणि कुठलंही मशीन घ्या, काही गोष्टी त्याला माहीतच नसतात. जानेवारी २०२१ मध्ये कळसूबाईला निघालेली एक गाडी रात्री अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोल्याजवळ धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या पुलावर शिरली आणि चालवणारा बुडाला. नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ रामगंगेवरच्या अर्धवट पुलावरून गाडी खाली पडली, तिघं गेले. दोन्ही वेळा समोर नकाशा चालू होता. म्हणून रात्रीच्या वेळी अनोळखी भागात मॅपने दहा मिनिटं वाचवणारा आतला रस्ता दाखवला तर तो घेऊ नका, हायवेच धरा. वरंध घाट पावसाळ्यात बरेचदा बंद ठेवतात आणि मॅपवर तो चालू दिसू शकतो, भोरच्या पुढे निघायच्या आधी स्टँडवर एसटीच्या ड्रायव्हरला किंवा पेट्रोल पंपावर विचारून घ्या. रस्ता बंद निघालाच तर मागे फिरा आणि रेंज आली की गाडी बाजूला घेऊन गुगल मॅप्समध्ये रस्ता बंद असल्याचं रिपोर्ट करा, मागून येणाऱ्या गाड्या तरी तिकडे वळणार नाहीत.