असायक्लोव्हिर पेशींमध्ये ‘लागू पडत नाही’ तेव्हा

प्लेटमध्ये वाढवलेल्या व्हेरो पेशी (माकडाच्या मूत्रपिंडाच्या), हर्पिस सिम्प्लेक्स-१ विषाणू, त्यावरचं औषध असायक्लोव्हिर १० मायक्रोमोलर, आणि तरीही पेशींचा थर उद्ध्वस्त. औषधावर संशय घेण्याआधी विषाणूची मात्रा तपासावी. मला दोष तिथेच सापडला. असायक्लोव्हिर विषाणूला पेशीत शिरण्यापासून रोखत नाही. विषाणूचंच थायमिडीन कायनेज हे एन्झाइम त्याला पहिला फॉस्फेट जोडतं, पुढचे दोन पेशीची एन्झाइम्स जोडतात. मग ते विषाणूच्या वाढत्या डीएनए साखळीत शिरतं आणि साखळीची वाढ तिथेच थांबते. दर पेशीमागे विषाणू जास्त झाले की ही अडवणूक अपुरी पडते.

म्हणून ६ वेलच्या (खळग्यांच्या) प्लेटमध्ये वेलमागे ५० ते ८० प्लाक (विषाणूने पेशी मारून थरात पाडलेली भोकं) येतील इतकाच विषाणू घातला. ३७ अंशांवर १ तास ठेवून धुतलं, मग विषाणू दूर पसरू नये म्हणून वरून औषध मिसळलेल्या कार्बॉक्सीमिथाइल सेल्युलोजचा दाट थर ओतला. औषध या थरातही हवंच. औषध विरघळवणारं डीएमएसओ सगळ्या वेलमध्ये सारखं, ०.५ टक्क्याखाली. विषाणूशिवाय नुसत्या औषधाची वेल कधीही गाळू नये: पेशीच मरत असतील तर प्लाक घटण्याला अर्थ नाही.

एवढ्यावरही प्लाक उरले तर थायमिडीन कायनेज गमावलेला उत्परिवर्तित विषाणू असू शकतो. फॉस्कार्नेट हे दुसरं विषाणूरोधक औषध लावून पाहावं. त्याला हे एन्झाइम लागत नाही.