आई-बाबांनी राहायचं कुठे? जागा बघण्याआधी रात्र बघा

मी घरोघरी जाऊन फिजिओथेरपी देते. कोथरूड, कर्वेनगर, सदाशिव पेठ, थोडं वारजे. खुब्याचं हाड मोडलेले, अर्धांगवायू होऊन गेलेले, पार्किन्सनचे असे माझे पेशंट बहुतेक सत्तरीच्या पुढचे. व्यायाम झाला की मुलगा किंवा सून दारापर्यंत येते आणि आवाज खाली आणून विचारते, ‘मॅडम, आता यांचं कुठे करावं?’

माझं म्हणणं असं, की जागा बघायला निघण्याआधी रात्र बघा. दिवसा घरात कोणी ना कोणी वावरत असतं, त्यामुळे बरंच झाकलं जातं. रात्री दोनला लघवीला उठताना काय होतं? कुशीवर वळून स्वतः उठून बसता येतं का, दिव्याचं बटण सापडतं का, कमोडवरून उभं राहायला कशाचा आधार घेतला जातो, परत येताना आपली खोली कुठली ते कळतं का. तीन-चार रात्री त्यांच्या खोलीत झोपा आणि किती वेळा उठले, कुठे हात द्यावा लागला ते सकाळी लिहून ठेवा.

दिवसा एक सोपी चाचणी करा. हात असलेल्या खुर्चीत बसवा. उठून ३ मीटर, म्हणजे साधारण १० फूट, नेहमीच्या चालीने चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. काठी वापरत असतील तर काठीसकट. घड्याळ लावा आणि तुम्ही शेजारी उभे राहा. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका आहे असं आम्ही धरतो. शिवाय गोळ्या कोण काढून देतं, गॅस बंद करायचं लक्षात राहतं का, हेही टिपून ठेवा. एवढी माहिती हातात असली की पर्याय आपोआप गळत जातात.

हिंडते-फिरते असतील आणि स्मरणशक्ती शाबूत असेल तर स्वतःचं घर हीच उत्तम जागा, हे माझं स्पष्ट मत आहे. पण घर त्यांच्या शरीराला जुळवून घ्यावं लागतं, आणि सुरुवात बाथरूमपासून. भिंतीत ड्रिल करून बसवलेला ग्रॅब बार, म्हणजे धरून उठायचा मजबूत दांडा, हवा. टॉवेलच्या दांडीला धरून उठणारे कितीतरी आजी-आजोबा मी बघते. ती दांडी माणसाच्या वजनासाठी बसवलेली नसते. कमोड बुटका असेल तर वरून बसवायची उंच सीट मिळते. दार बाहेर उघडणारं करून घ्या, कारण माणूस आत दाराला टेकून पडला तर आत उघडणारं दार ढकलताच येत नाही. कडीही बाहेरून उघडता येईल अशीच. पलंगापासून बाथरूमपर्यंत रात्रभर मंद दिवा, आणि त्या वाटेवर एकही पायपुसणं नको.

पुण्यात लिफ्ट नसलेल्या जुन्या इमारतींत तिसऱ्या मजल्यावर अडकून पडलेली माणसं खूप आहेत. इमारत पुनर्विकासाला जाणार असेल तर भाड्याच्या जागेचा विचार आत्ताच करा. ऐंशीच्या माणसाला नवीन घरात रात्री दिशा कळायला वेळ लागतो. पलंगाची बाजू तरी तीच ठेवा.

मदतीला माणूस हवं असेल तर बहुतेक जण अशी माणसं पुरवणाऱ्या ब्युरोकडे जातात. २४ तासांच्या मावशी ठेवल्या की प्रश्न सुटला असं वाटतं. पण रात्री तीन-चारदा उठवावं लागत असेल तर तीच बाई दिवसा नीट काम करू शकणार नाही, आणि तिने करावं असं म्हणणंही न्यायाचं नाही. अशा वेळी १२-१२ तासांच्या दोन ड्युट्या लावा. ब्युरोला आधीच विचारा: सुट्टीच्या दिवशी बदली कोण? पेशंटला उचलायचं, कूस बदलायची शिकवलंय का? नाकातली नळी किंवा कॅथेटर (लघवीची नळी) असेल तर शिकलेली नर्सच हवी. पोलीस ठाण्यात नोंद करा, दागिने लॉकरमध्ये ठेवा आणि मावशींना झोपायला नीट जागा द्या.

ज्येष्ठांसाठीचे गृहप्रकल्प, पुण्यात अथश्रीसारखे, धडधाकट जोडप्यांना छान मानवतात. महारेराने, म्हणजे राज्याच्या बांधकाम प्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या प्राधिकरणाने, २०२४ मध्ये अशा प्रकल्पांसाठी नियम घातले आहेत. दारं किमान ९०० मिलिमीटर रुंद हवीत, हा त्यातलाच एक. टेप घेऊन जा आणि मोजा. मग एकच विचारा: दोघांतलं एक अंथरुणाला खिळलं तर इथेच राहता येईल का?

वृद्धाश्रम बघताना हा प्रश्न आणखी महत्त्वाचा. बऱ्याच वृद्धाश्रमांत फक्त स्वतःचं स्वतः करू शकणाऱ्यांना प्रवेश असतो. पुढे तब्येत ढासळली की घरी न्या म्हणून फोन येतो, आणि तेव्हा घरच्यांची तारांबळ उडते. हा मुद्दा करारात लिहून घ्या. अनामत किती परत मिळणार, डायपर-औषधांचे पैसे वेगळे का, रात्री एका कर्मचाऱ्याकडे किती जण, तेही विचारा.

बघायला मात्र ऑफिसात बसून चहा पिऊन येऊ नका. रात्रीच्या जेवणाच्या वेळेला जा. पाण्याचा ग्लास पलंगावरच्या माणसाच्या हाताला लागतो का? भरवणारी व्यक्ती समोर बसून भरवते की उभ्याने घास कोंबते? आणि कुणी परवानगी दिली तर झोपून असलेल्या आजींची टाच बघा. टाच आणि माकडहाड इथे शय्याव्रण, म्हणजे सतत पडून राहिल्याने होणारी जखम, आधी दिसतं. लाल जागेवर बोट दाबून सोडल्यावर लाली क्षणभरही फिकी पडली नाही, तर आतून जखम सुरू झालेली असते. दर दोन तासांनी कूस बदलत असतील तर कोरड्या, स्वच्छ टाचा दिसतात. बाहेरच्या बागेपेक्षा मला ती टाच जास्त सांगते.

कागदपत्रांचं थोडक्यात. घर मुलांच्या नावावर करण्याची घाई नको. मृत्युपत्र करा, ते कधीही बदलता येतं. बक्षीसपत्र करायचंच असेल तर सांभाळ करण्याची अट त्यातच लिहा. ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्याच्या कलम २३ खाली अट मोडल्यास न्यायाधिकरणाकडून ते रद्द करून घेता येतं. अर्ज प्रांत कार्यालयात करायचा. स्मृतिभ्रंशाची शंका असेल तर बँकेची कामं लगेच उरका, कारण देणाऱ्याची समज गेली की कुलमुखत्यारपत्राचाही (आपल्या वतीने व्यवहार करायचा अधिकार देणाऱ्या कागदाचाही) उपयोग उरत नाही. सत्तरी ओलांडलेल्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारतचं वर्षाला ५ लाखांचं संरक्षण आहे, पण ते रुग्णालयातल्या उपचारांसाठी. मावशींचा पगार त्यातून निघत नाही. कुठे चौकशी करावी तेच कळत नसेल तर १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाइन आहे, फोन फुकट लागतो.

या सगळ्यात ज्यांनी जायचंय त्यांना विचारायला विसरू नका. शक्य असेल तर जागा बघायला त्यांनाच बरोबर न्या. ठरलं तरी पहिला महिना तात्पुरता म्हणूनच ठेवा, आणि तोवर राहतं घर विकू नका, भाड्यानेही देऊ नका. जाताना त्यांचं वजन करा. महिन्याने त्याच काट्यावर पुन्हा करा. दोन किलो उतरलं असेल तर मॅनेजरकडे जाण्याआधी त्यांच्याबरोबर एक जेवण करा: कवळी नीट बसते का, पोळी चावते का, ताट पुढे येतं तेव्हा ते पूर्ण जागे असतात का, ते बघा.